'मूळव्याधच असेल' म्हणून गप्प बसताय? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल या गोष्टी माहीत हव्यातच

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर जा, भिंतीवर एक जाहिरात हमखास दिसेल. 'मूळव्याध, भगंदर, फिशर. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.' खाली मोबाईल नंबर.

माझ्या मामांनी असाच एक नंबर लावला होता. मामा टेम्पो चालवतात. वय ४६. शौचाच्या वेळी रक्त पडतंय, हे त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नाही. "दिवसभर सीटवर बसून काम, मूळव्याध होणारच की," असं त्यांचं म्हणणं. आधी मेडिकलमधून मलम आणलं, मग कुणीतरी सुचवलेलं चूर्ण घेतलं, मग जाहिरातीतल्या त्या माणसाकडे चार चकरा झाल्या. असे आठ महिने गेले. जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मामीने त्यांना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं. जेमतेम मिनिटभराची तपासणी. आत गाठ हाताला लागली. बायोप्सीचा रिपोर्ट आला: गुदाशयाचा कॅन्सर.

आठ महिन्यांत कुणीही ही मिनिटभराची तपासणी केली नव्हती. मामांनीही करा म्हटलं नव्हतं, कारण त्यांना लाज वाटत होती.

हा लेख त्या आठ महिन्यांबद्दल आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा हळूहळू वाढतो. म्हणजे तो आपल्याला वेळ देतो. प्रश्न एवढाच की तो वेळ आपण कशात घालवतो.

हा आजार किती मोठा आहे?

मोठं आतडं आणि गुदाशय यांचा कॅन्सर एकत्र मोजला जातो. त्याला कोलोरेक्टल कॅन्सर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार जगात वर्षभरात याचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोकांचा मृत्यू झाला. रुग्णसंख्येत हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा कॅन्सर आहे आणि मृत्यूंमध्ये दुसऱ्या. भारतात त्याच वर्षी सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

लोकसंख्येच्या मानाने भारतातलं प्रमाण अमेरिका, युरोप किंवा जपानपेक्षा बरंच कमी आहे. पण आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक म्हणजे रुग्ण तुलनेने तरुण असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात त्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं होतं. दुसरी म्हणजे अनेकजण आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावरच डॉक्टरकडे पोहोचतात.

मोठं आतडं नेमकं करतं काय?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. अन्नातली बहुतेक पोषकद्रव्यं लहान आतड्यातच शोषली जातात. उरलेला पातळ लगदा मोठ्या आतड्यात येतो. तिथे त्यातलं पाणी आणि क्षार शोषले जातात आणि मळ घट्ट होतो. शेवटच्या साधारण १५ सेंटिमीटरच्या भागाला गुदाशय म्हणतात. शौचाला जाईपर्यंत मळ तिथे साठतो.

या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपण पचवू न शकलेला चोथा, म्हणजेच फायबर, हे त्यांचं खाद्य. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना त्यातूनच बरीचशी ऊर्जा मिळते. म्हणजे चोथा नुसतं 'पोट साफ करत' नाही, तो आतड्याच्या पेशींना पोसतो.

कॅन्सर एका रात्रीत होत नाही

आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी चामखिळीसारखा छोटा मांसल उंचवटा येतो. त्याला पॉलिप म्हणतात. वय वाढेल तसे ते अनेकांना होतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. त्यातले काही मात्र वर्षानुवर्षं वाढत जातात, त्यांच्या पेशींमध्ये एकामागून एक जनुकीय बिघाड साचतात आणि शेवटी त्यांचं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. या प्रवासाला साधारण १० वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

ही या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. कारण पॉलिप दिसला तर कोलोनोस्कोपी करतानाच तो तारेच्या फासाने कापून काढता येतो. पोटावर चिरा नाही, टाके नाहीत. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नॅशनल पॉलिप स्टडी'त असं दिसलं की, ज्यांचे असे पॉलिप काढून टाकले, त्यांच्यात पुढे आतड्याचा कॅन्सर होण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होतं. नंतरच्या काही अभ्यासांत फायदा इतका मोठा दिसला नाही, पण फायदा होतो हे कायम राहिलं.

बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत लवकर निदान म्हणजे 'छोटा कॅन्सर सापडणं'. इथे मात्र कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचं मूळ काढून टाकता येतं.

मूळव्याध की कॅन्सर, घरबसल्या ओळखता येईल का?

थेट उत्तर: नाही.

रक्त लाल असलं म्हणजे मूळव्याध आणि काळं असलं म्हणजे कॅन्सर, असा हिशेब सोशल मीडियावर फिरतो. तो धोकादायक आहे. गुदाशयातल्या गाठीतून पडणारं रक्तही ताजं, लालच असू शकतं. शिवाय एकाच माणसाला मूळव्याध आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात. म्हणजे 'मला आधीपासून मूळव्याध आहे' हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही.

हेही तितकंच खरं की, शौचातून रक्त जाणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. मूळव्याध आणि फिशर खूपच जास्त लोकांना असतात. त्यामुळे घाबरून जायची गरज नाही. गरज आहे ती खात्री करून घेण्याची.

पुढच्यापैकी काही होत असेल तर डॉक्टरला दाखवा:

- शौचातून रक्त जाणं, एकदाच गेलं असलं तरी
- शौचाची नेहमीची सवय बदलणं: अचानक बद्धकोष्ठ, जुलाब, किंवा दोन्ही आलटून पालटून, तेही दोन-तीन आठवड्यांहून जास्त
- जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही, पुन्हा जावंसं वाटतंय, अशी सततची भावना
- मळ नेहमीपेक्षा बारीक, पट्टीसारखा होणं
- पोटात वारंवार कळ येणं किंवा फुगल्यासारखं वाटणं
- डाएट न करता वजन उतरणं
- कारण न सापडलेला ॲनिमिया, सततचा थकवा, धाप

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ असेल तर रक्त डोळ्यांना दिसतच नाही. ते थोडं थोडं मळात मिसळून जात राहतं आणि शरीरातलं लोह संपत जातं. पहिली खूण मिळते ती रक्ताच्या रिपोर्टमध्ये: हिमोग्लोबिन कमी. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं 'नॉर्मल' मानलं जातं की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. पण पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता आढळली, तर रक्त जातंय कुठे, हे शोधायलाच हवं. घरात आई, आजी किंवा मावशी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर कारण तपासलं होतं का, एवढं आजच विचारा.

तरुणांमध्ये हे प्रमाण का वाढतंय?

'ब्लॅक पँथर' सिनेमातला अभिनेता चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये गेला. वय ४३. २०१६ मध्ये त्याला तिसऱ्या टप्प्यातला आतड्याचा कॅन्सर असल्याचं कळलं होतं. जगाला सुपरहिरो दिसत होता, तेव्हा त्याच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सुरू होती. तो गेल्यावर अनेकांनी पहिल्यांदाच विचारलं: हा तर म्हाताऱ्यांचा आजार ना?

आता तसं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका चौपट आहे. म्हणूनच तिथल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये नियमित तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

यामागचं एकच एक कारण सापडलेलं नाही. लठ्ठपणा, बैठं काम, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, लहानपणी घेतलेली अँटिबायोटिक्स आणि आतड्यातल्या जिवाणूंमध्ये झालेले बदल, अशा अनेक शक्यतांवर संशोधन सुरू आहे.

तरुण रुग्णांची अडचण वेगळीच असते. वय कमी म्हणून त्यांना स्वतःला शंका येत नाही आणि कधीकधी डॉक्टरांनाही येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात तरुणांमधल्या चार खुणा पुढे आल्या: पोटदुखी, शौचातून रक्त, जुलाब आणि लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. अनेकांमध्ये निदानाच्या काही महिने आधीपासून यातलं काहीतरी दिसत होतं.

धोका कुणाला जास्त?

काही गोष्टी आपल्या हातात नसतात. वय ही त्यातली सगळ्यात मोठी. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका वाढतो. लिंच सिंड्रोम किंवा एफएपी यांसारखे आनुवंशिक दोष असतील तर तो खूपच वाढतो. एफएपीमध्ये कमी वयातच आतड्यात शेकडो पॉलिप तयार होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज अनेक वर्षं असणाऱ्यांनीही सावध राहायला हवं.

इथे एक नियम लक्षात ठेवा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोला. मामांना ४६ व्या वर्षी निदान झालं. म्हणजे माझ्या मामेभावाने ही तपासणी ३६ व्या वर्षी करायची. घरात कुणी काही लपवलं तर हे गणित मांडताच येत नाही. 'पोटाचं काहीतरी दुखणं होतं' म्हणून गेलेल्या आजोबांना नेमकं काय झालं होतं, हे माहीत असणं नातवंडांच्या कामाचं असतं.

हातात असलेल्या गोष्टी ओळखीच्याच आहेत: दारू, सिगारेट-बिडी, पोटाभोवतीची चरबी, हालचालीचा अभाव आणि ताटातलं अन्न.

ताटात काय असावं?

डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात अनेक वर्षं काम करत होते. त्यांना दिसलं की, तिथल्या खेड्यातल्या लोकांमध्ये आतड्याचे पाश्चात्त्य आजार फारसे आढळत नाहीत. त्यांच्या जेवणात चोथा भरपूर होता. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की, चोथा नसलेलं अन्न हे आतड्याच्या अनेक आजारांचं मूळ असावं. त्यांच्या सगळ्याच गोष्टी पुढे टिकल्या नाहीत, पण पुरेसं फायबर खाणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका कमी असतो, हे नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही दिसलं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम फायबर आणि ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. त्यासाठी चिया सीड्स मागवायची गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ते जेमतेम ३ ग्रॅमपर्यंत. मटकी, मूग, राजमा यांसारख्या कडधान्यांत धान्यांपेक्षाही जास्त. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर हे ताट आतड्यासाठी उत्तम आहे. फक्त ते आठवड्यातून एकदा 'गावरान थाळी' म्हणून न खाता रोज खायचं.

मांसाहाराचं काय? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस 'कॅन्सरकारक' गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज तेव्हा दिला होता. मटण, बीफ, पोर्क यांना 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलं. मासे आणि चिकन या यादीत नाहीत. म्हणजे रविवारच्या मटणाच्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही, पण फ्रीजमधली सलामी रोजच्या डब्यात नको.

'कोलन डिटॉक्स'ने फायदा होतो का?

'आतड्यात पाच किलो मळ साचलाय' असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. खाली पावडरची लिंक. निरोगी आतड्यात वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ वगैरे नसतो. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी स्वतःच नवं होत असतं. डिटॉक्स पावडर, कॉफीचा एनिमा किंवा आतडं धुण्याच्या प्रक्रियांनी कॅन्सर टळतो, याचा पुरावा नाही. उलट शरीरातल्या क्षारांचं संतुलन बिघडण्याचा आणि क्वचित आतड्याला इजा होण्याचा धोका असतो. आणि रोज जुलाबाचं औषध घ्यावं लागत असेल, तर तेच डॉक्टरकडे जायचं कारण आहे.

२०२२ मध्ये आणखी एक मेसेज फिरला होता: 'कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे रुग्ण बरे!' ती बातमी खोटी नव्हती, पण अर्धवट होती. न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब हे औषध दिलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांमध्ये गाठ पूर्ण नाहीशी झाली होती. मात्र या सगळ्यांच्या कॅन्सरमध्ये एक विशिष्ट जनुकीय दोष होता. तो गुदाशयाच्या कॅन्सरच्या १०० पैकी साधारण ५ ते १० रुग्णांमध्येच सापडतो.

तपासणी कोणती आणि कधी?

भारतात सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कॅन्सरची सरसकट तपासणी होते. आतड्याचा त्यात नाही. म्हणजे बोलावणं येणार नाही, आपणच जायला हवं.

पहिली तपासणी मळाची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात शोधतात. 'फिट' ही त्यातली अधिक अचूक पद्धत. जपानमध्ये चाळिशीनंतर दरवर्षी मळाची तपासणी करायला सांगतात. ही तपासणी लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. रक्त दिसत असेल तर मळाच्या रिपोर्टवर विसंबू नका, थेट डॉक्टरकडे जा.

दुसरी कोलोनोस्कोपी. कॅमेरा लावलेली बारीक लवचिक नळी गुदद्वारातून आत घालून पूर्ण मोठं आतडं पाहतात. साधारणपणे झोपेचं इंजेक्शन देतात आणि अर्ध्या-पाऊण तासात होतं. खरा त्रास आदल्या दिवशीचा: पोट साफ करणारं औषध प्यायचं आणि संडासच्या वाऱ्या करायच्या. सगळं ठीक निघालं आणि विशेष धोका नसेल, तर पुढची तपासणी १० वर्षांनी. आतडं फाटणं किंवा रक्तस्राव असे धोके आहेत, पण ते क्वचित होतात.

कॅन्सर निघालाच तर?

कोणत्या टप्प्यावर सापडला, यावर बरंच काही ठरतं. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की, आजार आतड्यापुरताच असेल तर ५ वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण जिवंत असतात. तो यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचला असेल तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं.

उपचारात शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा रेडिएशन असतं. अनेकांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती पोटावर लावायच्या पिशवीची. ती प्रत्येकालाच लागत नाही आणि लागली तरी अनेकदा काही महिन्यांपुरतीच असते. पिशवी लावून लोक नोकरी करतात, प्रवास करतात.

व्यायाम हा आता उपचाराचाच भाग मानला जाऊ लागलाय. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आतड्याच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर मार्गदर्शनाखाली ३ वर्षं व्यायाम केलेल्या गटातले ९० टक्के रुग्ण ८ वर्षांनी जिवंत होते. फक्त माहितीपत्रक दिलेल्या गटात हे प्रमाण ८३ टक्के होतं.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, आधी त्यांना भेटा.

मग आता काय करायचं?

अमेरिकी पत्रकार केटी कुरिक यांचे पती १९९८ मध्ये या कॅन्सरने गेले. वय ४२. मार्च २००० मध्ये कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. त्यानंतर अमेरिकेत ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं संशोधकांना दिसलं. एका बाईने लाज बाजूला ठेवली आणि हजारो लोक डॉक्टरकडे गेले.

आपल्याला टीव्हीवर जायची गरज नाही. घरात बोललं तरी पुरे.

मामांची आधी रेडिएशन आणि केमोथेरपी झाली, मग ऑपरेशन. काही महिने पिशवी होती, आता ती निघाली आहे. तपासण्या सुरू आहेत. अजून पाच वर्षं पूर्ण झालेली नाहीत, त्यामुळे 'बरे झाले' हा शब्द घरात कुणी वापरत नाही. पण मामा आता टेम्पो स्टँडवर कुणी 'मूळव्याधीचा त्रास होतोय' म्हणालं की लगेच विचारतात, "डॉक्टरने आतून तपासलं का? नाही ना? मग मूळव्याध आहे हे सांगितलं कुणी?"

हा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर हा प्रश्न घरातल्या एका माणसाला विचारा. किंवा स्वतःला.

*(हा लेख माहितीसाठी आहे. लक्षणं असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.)*